प्रवाळाचा हिशेब बोटभर माशांपासून सुरू व्हावा

नौदलातून जानेवारी २०२४ मध्ये निवृत्त झालेले ‘गुलदार’ हे जहाज निवतीच्या खडकांजवळ समुद्रात बुडवायचे, त्याचे पाण्याखालचे संग्रहालय करायचे आणि त्याच्या पोलादी अंगावर प्रवाळ वाढू द्यायचे, ही योजना जाहीर झाल्यापासून सिंधुदुर्गात वाद सुरू आहे. समर्थक म्हणतात की जहाजाभोवती मासे जमतील, ते पाहायला पर्यटक येतील आणि तरुणांना गावातच काम मिळेल. विरोधक विचारतात की जुन्या जहाजातून समुद्रात काय झिरपेल याची हमी कोण देणार, आणि एकदा तिथे पर्यटन सुरू झाले की जाळी टाकायची जागा मच्छीमाराच्या हातून जाणार नाही कशावरून? मालवणच्या सागरी अभयारण्यावरून हाच वाद झाला, सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या स्नॉर्केलिंगवरून होतो, खोल समुद्रातल्या आंग्रिया बँक या प्रवाळक्षेत्राच्या संरक्षणाचा विषय निघाला की पुन्हा होतो. प्रत्येक वेळी दोन्ही बाजू माशांच्या नावाने बोलतात, आणि प्रत्येक वेळी दोघांच्याही डोळ्यांसमोरचा मासा ताटात पडण्याइतका किंवा छायाचित्रात उठून दिसण्याइतका मोठा असतो.

माझे म्हणणे असे आहे की कोकणातल्या प्रवाळाविषयीचा कोणताही निर्णय, मग तो जहाजाचा असो, अभयारण्याचा असो की पर्यटनाचा, तिथे कायमच्या वस्तीला असलेल्या बोटभर लांबीच्या माशांचे काय होते या कसोटीवर तपासला पाहिजे. हे मासे बाजारात येत नाहीत, त्यांतल्या बहुतेकांना घराघरांत बोलले जाणारे नाव नाही आणि त्यांच्यासाठी कोणी मोर्चा काढत नाही. तरीही प्रवाळाचे रोजचे जगणे त्यांच्यावर चालते. त्यांना वगळून मांडलेला ‘मासे वाढतील’ किंवा ‘मासे संपतील’ हा दावा, तो कोणीही करो, अर्धवट आहे.

आधी एक गोंधळ दूर केला पाहिजे, कारण या वादातली निम्मी भांडणे त्यातून निघतात. ‘लहान मासे’ म्हणताना आपण तीन वेगळ्या गोष्टी एका टोपलीत घालतो. पहिली गोष्ट म्हणजे मोठ्या माशांची पिल्ले: बोटाएवढा सरंगा, वीतभर सुरमई, अजून एकदाही अंडी न घातलेली तांबोशी. दुसरी गोष्ट म्हणजे पेडवे, तारली, मांदेली यांसारखे थव्याने फिरणारे मासे, जे आपण आवडीने खातो आणि जे कुटीत गेले की खताचे किंवा मत्स्यभुकटीचे होतात. तिसरा प्रकार प्रवाळाच्या आणि खडपाच्या भेगांत जन्मभर राहणाऱ्या, पूर्ण वाढ झाली तरी दोन-चार सेंटिमीटरच्या पुढे न जाणाऱ्या माशांचा. आपल्या खाडीच्या चिखलात उड्या मारणारी निवटी ज्या गोबींच्या जवळच्या नात्यातली आहे, त्या गोबी आणि ब्लेनी हे या तिसऱ्या प्रकारातले मुख्य रहिवासी. पिल्लांविषयी आता कायदा बोलू लागला आहे. थव्याच्या माशांविषयी पर्ससीनच्या, म्हणजे अख्खा थवा घेरणाऱ्या मोठ्या जाळ्यांच्या, निमित्ताने आपण निदान भांडतो तरी. तिसऱ्याविषयी सगळीकडे शांतता आहे, आणि हा लेख मुख्यतः त्यांच्याविषयी आहे.

हे मासे करतात तरी काय? चार्ल्स डार्विनने प्रवाळ बेटांवरचे आपले विवेचन १८४२ मध्ये प्रसिद्ध केले, तेव्हापासून एक कोडे शास्त्रज्ञांना छळत आले आहे. उष्ण कटिबंधातले निळे, नितळ पाणी पोषणाच्या दृष्टीने जवळजवळ वाळवंट असते. मग त्यात प्रवाळासारखी गजबजलेली वसाहत कशावर जगते? उत्तराचे अनेक भाग आहेत. प्रवाळाच्या पेशींतले शैवाल हा एक, स्पंज हा दुसरा. २०१९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने आणखी एक भाग पुढे आणला. पाच सेंटिमीटरहून लहान, भेगांत दडून राहणारे हे मासे एका वेळी मोजले तर वजनाने नगण्य भरतात. पण प्रवाळावर खाल्ल्या जाणाऱ्या एकूण माशांच्या मांसात त्यांचा वाटा जवळजवळ ६० टक्के निघतो. कारण ते विलक्षण वेगाने जन्मतात, वाढतात, खाल्ले जातात आणि त्यांची जागा लगेच नवे घेतात. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवरच्या एका इवल्याशा गोबीचे आयुष्य जास्तीत जास्त ५९ दिवसांचे नोंदवले गेले आहे. आपली पावसाळी मासेमारी बंदी १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची असते; म्हणजे बंदीच्या एका हंगामात या माशाचे बालपण, संसार आणि मृत्यू असे सगळे उरकते.

शिवाय हे मासे इतरांचे खाद्य होण्यापुरते जगत नाहीत. फिजीमध्ये २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत असे दिसले की एका जातीच्या फांद्यांच्या प्रवाळाला विषारी शैवालाचा स्पर्श झाला की तो पाण्यात एक रासायनिक संकेत सोडतो, आणि काही मिनिटांत त्याच्या फांद्यांत राहणारी गोबी येऊन ते शैवाल कुरतडू लागते. तांबड्या समुद्रात प्रवाळाच्या फांद्यांमध्ये रात्री झोपणारे डॅमसेल मासे झोपेतही पर हलवत राहतात, त्यामुळे कोंडलेले पाणी खेळते राहून प्रवाळाला प्राणवायू मिळतो. कॅरिबियनमध्ये आपल्या करकऱ्याच्या कुळातले लहान मासे रात्री समुद्री गवतात चरतात आणि दिवसा प्रवाळाच्या गड्ड्यांवर विश्रांती घेतात. त्यांच्या उत्सर्जनातून मिळणाऱ्या खतामुळे असे गड्डे इतरांपेक्षा वेगाने वाढतात, हे १९८३ मध्येच दाखवून दिले गेले आहे. लक्षद्वीपपर्यंत आढळणारा बोटाएवढा ‘क्लीनर रॅस’ दिवसाकाठी इतर माशांच्या अंगावरचे सुमारे १२०० परजीवी खातो. ऑस्ट्रेलियात काही लहान प्रवाळखंडांवरून हा एकच मासा साडेआठ वर्षे सातत्याने काढून टाकला, तेव्हा तिथल्या इतर माशांची संख्या आणि जातींची विविधता दोन्ही घटली. एक बोटभर मासा काढला आणि मोठे मासे निघून गेले, यापेक्षा थेट पुरावा आणखी कोणता हवा?

यावर घेतला जाणारा पहिला आक्षेप गंभीर आहे आणि तो टाळता येणार नाही. आक्षेप असा की ही सगळी उदाहरणे परक्या समुद्रांतली आहेत. मालवणचे पाणी म्हणजे ग्रेट बॅरियर रीफ नव्हे. आपल्याकडे पावसाळ्यात नद्या लाल गाळ घेऊन समुद्रात उतरतात, खालचे पोषक पाणी वर येते, पाणी गढूळ राहते. डार्विनचे कोडे इथे मुळात लागूच पडत नाही. आपला प्रवाळही वेगळा आहे. सागरशास्त्रज्ञ सय्यद झहूर कासिम आणि वफर यांनी १९७९ मध्ये पश्चिम किनाऱ्यावरच्या जिवंत प्रवाळांची नोंद केली, तेव्हापासून हे माहीत आहे की इथे सलग भिंती नाहीत. खडकांवर ठिकठिकाणी चिकटलेल्या वसाहती आहेत, त्यांतही पसरट टर्बिनेरिया आणि गोलसर पोराइटिस यांसारखे गाळ सोसणारे प्रवाळ अधिक. हे सगळे खरे आहे, आणि ६० टक्क्यांचा तो आकडा जसाच्या तसा मालवणला चिकटवणारा माणूस विज्ञानाची सेवा करत नाही, हेही खरे.

पण या आक्षेपातून निघणारा निष्कर्ष उलटा आहे. पोषणाचा तुटवडा नाही म्हणून लहान माशांची गरज नाही, असे म्हणणाऱ्याने पोषणाची चंगळ असलेल्या पाण्यात प्रवाळाचा शत्रू कोण असतो हे पाहावे. तो शत्रू शैवाल आहे. पावसाळा सरला की आपल्या खडपांवर सरगॅसमची तपकिरी रानेच्या राने माजतात, हे मालवणच्या किनाऱ्यावर ऑक्टोबरनंतर उतरलेल्या कोणालाही दिसते. जिथे खत जास्त आणि उजेड कमी, तिथे प्रवाळाला एकेक इंच जागा शैवालाशी झगडून मिळवावी लागते, आणि अशा ठिकाणी शैवाल खुरडणाऱ्या तोंडांची गरज वाढते. नितळ समुद्रातल्या प्रवाळाला लहान मासे अन्नासाठी लागतात. आपल्या प्रवाळाला ते बहुधा जागेसाठी लागतात.

जमैकाचा इतिहास इथे आठवावा. १९७०च्या दशकाच्या अखेरीस तिथल्या प्रवाळक्षेत्रांचा निम्म्याहून अधिक तळ जिवंत प्रवाळाने झाकलेला होता. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला तो पाच टक्क्यांच्याही खाली आला. १९८० च्या चक्रीवादळाने मोडतोड केली हे खरे, पण वादळे त्याआधीही आली होती आणि प्रवाळ सावरले होते. या वेळी ते सावरले नाहीत, कारण शैवाल खाणारे मासे दशकानुदशके पिंजऱ्यांनी उपसले गेले होते. मोठे संपल्यावर मध्यम, मध्यम संपल्यावर हाताला लागेल ते, असा क्रम होता. शैवाल आटोक्यात ठेवण्याचे काम एकट्या लांब काट्यांच्या समुद्री साळूवर येऊन पडले होते, आणि १९८३ मध्ये रोगाने ती साळूही मेली. त्यानंतर काही वर्षांत प्रवाळाच्या जागी शैवालाची कुरणे उभी राहिली. तिथले पोपटमासे आणि सर्जनमासे बोटभर नव्हते, हे मी मान्य करतो. पण बाजाराने ज्यांना शेवटच्या रांगेत बसवले होते, त्यांच्यावरच सगळे तोललेले होते, हे जमैकाला प्रवाळ गेल्यावर कळले. गाळाच्या आणि शैवालाच्या पाण्यात राहणाऱ्या आपण त्या अनुभवाकडे परक्याची गोष्ट म्हणून पाहावे काय?

दुसरा आक्षेप अधिक चतुर आहे आणि तो माझ्याच पुराव्यातून काढला जातो. लहान मासे इतक्या झपाट्याने वाढत असतील, दोन महिन्यांत पिढी बदलत असेल, तर त्यांची काळजी कशाला? कितीही मेले तरी पुन्हा होतील. घोळ किंवा गोबरा वाढायला वर्षे लागतात, म्हणून संरक्षण त्यांना द्या. या युक्तिवादात तथ्य आहे; सावकाश वाढणाऱ्या माशांना जपलेच पाहिजे, आणि मर्यादित संरक्षणाची वाटणी करायची वेळ आली तर गोबऱ्याचा हक्क मी नाकारणार नाही. परंतु वेगाने भरून येणे आणि अक्षय असणे यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. वीस वर्षे जगणारा मासा एखादा वाईट हंगाम अंग चोरून काढू शकतो. दोन महिन्यांच्या आयुष्याकडे तशी शिल्लक नसते. ते हातावर पोट असलेल्या मजुरासारखे आहे, चार दिवस काम बुडाले की चूल बंद. त्यांचे सगळे बळ दोन गोष्टींवर उभे असते: राहायला भेग आणि जवळपास परतणारी पिल्ले. त्याच २०१९ च्या अभ्यासात असेही दिसले की प्रवाळाजवळच्या पाण्यातल्या मत्स्यपिल्लांमध्ये सुमारे दोन-तृतीयांश या बारक्या माशांचीच असतात, म्हणजे त्यांची पिल्ले दूर वाहून न जाता आईबापांच्या आसपास राहतात. हा त्यांच्या भरभराटीचा आधार आहे आणि तोच त्यांचा कच्चा दुवाही. कोकणात प्रवाळाच्या वसाहती तुटक आहेत. सर्वांत मोठे प्रवाळक्षेत्र, आंग्रिया बँक, विजयदुर्गपासून शंभर किलोमीटरहून दूर खोल समुद्रात आहे. एका खडपावरच्या भेगा गाळाने बुजल्या किंवा नांगराने फुटल्या, तर तिथली रिकामी जागा भरायला पिल्ले कुठून येणार?

‘लहान मासा संपत नाही’ या विश्वासाची किंमत जगाने एकदा मोठ्या प्रमाणावर मोजली आहे. पेरूच्या किनाऱ्यावरचा अँचोव्हेटा, म्हणजे आपल्या मांदेलीच्या कुळातला मासा, १९७० मध्ये एक कोटी वीस लाख टनांहून अधिक पकडला गेला. तो वर्षभरात वयात येतो, अब्जावधींच्या थव्याने राहतो. तो कमी पडेल असे कोणाच्या स्वप्नातही नव्हते. १९७२ मध्ये एल निन्योने पाणी तापवले, आधीच उपसलेला साठा कोसळला, आणि पुढच्या वर्षीची पकड वीस लाख टनांच्याही खाली गेली. एक वाईट हंगाम आणि आधीची हाव, एवढे दोन्ही एकत्र यावे लागले. अरबी समुद्र तापतो आहे आणि मालवणच्या प्रवाळांचे विरंजन, म्हणजे रंग उडून पांढरे पडणे, संशोधकांनी नोंदवलेले आहे. वाईट हंगाम येणार हे त्यामुळे आपण धरूनच चालले पाहिजे.

आणि इतके दूर जायचीही गरज नाही. आपल्या भातशेतीतल्या बेडकांचे काय झाले? बेडकांचे पाय परदेशी निर्यात करणाऱ्या देशांत भारत आघाडीवर होता. बेडूक काय, पावसाळा आला की पुन्हा होतात, असेच तेव्हा म्हटले जात होते. बेडूक गेले आणि खाचरांत किडे माजले, कीटकनाशकांचा खर्च वाढला. अखेर १९८७ मध्ये ही निर्यात बंद करावी लागली. ज्या प्राण्याला शेताच्या हिशेबात कोणी धरले नव्हते, त्याचे काम किती होते हे तो गेल्यावर मोजता आले. प्रवाळावरचे बारके मासे आज त्याच जागी आहेत, फरक इतकाच की ते पाण्याखाली असल्यामुळे त्यांची गैरहजेरी लक्षात यायला अधिक वेळ लागेल.

योगायोगाने मालवणचे सागरी अभयारण्यही १९८७ चेच. सुमारे २९ चौरस किलोमीटरचे हे क्षेत्र, त्यात सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगडाच्या आसपासचा तीन चौरस किलोमीटरच्या जवळपासचा गाभा. मच्छीमारांनी त्याला पहिल्यापासून विरोध केला आणि त्या विरोधाचे कारण मला पूर्णपणे पटते. ज्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या या खडपांत गरवत आल्या, रापण ओढत आल्या, त्यांना विचारात न घेता नकाशावर रेघ ओढली गेली. दूर खोल पाण्यात प्रकाशझोत टाकून मासळी गोळा करणारी नौका मोकळी आणि किनाऱ्यावर गरी टाकणारा गुन्हेगार, असे चित्र समोर उभे राहिल्यावर ‘प्रवाळ वाचवा’ हे शब्द मच्छीमाराला शिवीसारखे लागले तर दोष त्याचा नाही. एलईडीच्या मासेमारीवर केंद्राने २०१७ मध्ये बंदी घातली, पर्ससीनवर राज्याने २०१६ मध्ये निर्बंध आणले. त्यांची अंमलबजावणी कशी चालते हे किनाऱ्यावर कोणालाही विचारावे. अशा परिस्थितीत आता बोटभर, न विकल्या जाणाऱ्या माशांसाठी आणखी निर्बंध सोसा, असे सांगणारा माणूस त्यांना पोटभरल्या शहाण्यासारखा वाटणार.

मी नेमके तेच सांगत नाही. बारक्या माशांच्या बाजूने विचार केला तर पहिला दोषी गरवणारा ठरतच नाही. गरीला गोबी लागत नाही. गरीने खडपाची भेग बुजत नाही. बुजवतात त्या तळ खरवडत गाळ उडवणाऱ्या ट्रॉलच्या फेऱ्या, सांडपाणी, किनाऱ्यावरची बेबंद खोदकामे आणि जिवंत प्रवाळावर बेफिकीर टाकलेले नांगर. म्हणजे या माशांचा हिशेब धरला की निर्बंधाचा बोजा पारंपरिक मच्छीमाराच्या खांद्यावरून उतरून जिथे असायला हवा तिथे सरकतो. शिवाय तांबोशी आणि गोबरा, जे त्याच्या गरीला लागावेत असे त्याला वाटते, ते याच खडपांत, याच बारक्या माशांवर पोसले जातात. सिंधुदुर्गात ट्रॉल जाळ्याच्या शेवटच्या पिशवीला ४० मिलिमीटरचा चौकोनी आस, म्हणजे जाळ्याचे छिद्र, ठेवण्याचे प्रयोग झाले, तेव्हा त्यामागचा विचार मच्छीमारांना समजावून सांगता आला. नेहमीचा शंकरपाळ्याच्या आकाराचा आस ओढ बसली की मिटतो आणि पिल्ले आत अडकतात. चौकोनी आस उघडा राहतो आणि ती निसटतात. जाळे विणणाऱ्याच्या बोटांना हे एका क्षणात कळते. लोकांना कारण दाखवले की ते ऐकतात, हा किनाऱ्यावरचा अनुभव आहे. नुसती रेघ ओढली की ते भांडतात, आणि भांडलेच पाहिजे.

पर्यटनाच्या समर्थकांचे एक म्हणणे मी मनापासून स्वीकारतो. मालवण-तारकर्लीत पाण्याखाली उतरणारी आपली मुले आज प्रवाळाला जितकी ओळखतात, तितकी वीस वर्षांपूर्वी कोणी ओळखत नव्हते, आणि ज्याचे पोट प्रवाळावर चालते तो त्याचा राखणदार होऊ शकतो. मात्र ‘होऊ शकतो’ आणि ‘होतो’ यांच्यामध्ये पावाचा एक तुकडा आहे. किल्ल्याजवळ पर्यटकाला पाण्यात उतरवले की त्याच्याभोवती मासे जमावेत म्हणून पाव, बिस्किटे टाकली जातात. जमतात ते बहुतेक काळ्या पट्ट्यांचे, पाठीवर पिवळसर झाक असलेले मासे, ज्यांना इंग्रजीत ‘सार्जंट मेजर’ म्हणतात. या माशाचा नर विणीच्या दिवसांत खडकाचा एक तुकडा चोचून स्वच्छ करतो. माद्या तिथे अंडी चिकटवून जातात. तळहाताएवढा किंवा त्याहून मोठा जांभळट डाग असावा तशी ती दिसतात. मग अनेक दिवस नर त्यावरून हलत नाही. परांनी वारा घालावा तसे पाणी खेळवतो, मेलेली अंडी वेचून काढतो आणि जवळ येणाऱ्या प्रत्येकावर, अगदी माणसाच्या बोटावरही, धावून जातो. तो जागेवरून दूर झाला की टपून बसलेले रॅस मासे त्या डागावर तुटून पडतात. भूमध्य समुद्रातल्या उस्तिका बेटाजवळ याच कुळातल्या माशावर झालेल्या अभ्यासात असे आढळले की पर्यटकांनी खाद्य घातले की अंडी खाणारे मासे जमतात आणि अंड्यांचा फडशा वाढतो. म्हणजे छायाचित्रात जी गर्दी ‘समृद्ध प्रवाळ’ म्हणून मिरवते, ती पुढची पिढी खाणारी गर्दी असू शकते. पाव बंद केल्याने कोणाचा धंदा बुडणार नाही. पर्यटक अंडी राखणारा नर पाहायलाही पैसे देईल, त्याला तो दाखवणारा हवा.

आता पुन्हा जहाजाकडे. कृत्रिम प्रवाळ यशस्वी झाला हे कशावरून ठरवायचे, हा मत्स्यशास्त्रातला जुना वाद आहे. बुडवलेल्या वस्तूभोवती मासे दिसतात याबद्दल शंका नाही. प्रश्न असा की ते तिथे जन्मतात की आजूबाजूच्या खडपांवरून फक्त तिथे गोळा होतात. गोळा होत असतील, तर समुद्रात एकही मासा वाढला नाही. उलट विखुरलेला मासा एका जागी आणून तो पकडणे सोपे केले. फ्लोरिडात फोर्ट लॉडरडेलजवळ १९७२ मध्ये सुमारे वीस लाख जुने टायर अशाच उत्साहाने समुद्रात टाकले गेले. बांधणी तुटली, टायर वादळांत हिंडू लागले आणि जवळच्या नैसर्गिक प्रवाळावर आदळून त्याचीच मोडतोड झाली. २००७ पासून लष्कराचे पाणबुडे ते बाहेर काढू लागले. पोलादी जहाज म्हणजे टायर नव्हे, आणि नीट स्वच्छ करून, नीट जागी बुडवलेल्या जहाजांवर जीवसृष्टी वसल्याची उदाहरणे जगात आहेत, हे विरोधकांनीही मानले पाहिजे. केरळ-तमिळनाडूच्या किनाऱ्यावर केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने काँक्रीटचे कृत्रिम प्रवाळ बसवले आहेत, आणि तिथले मच्छीमार त्याही आधीपासून दगड आणि माडाची खोडे समुद्रात टाकत आले आहेत. म्हणून मी योजनेला सरसकट विरोध करत नाही. मी एवढेच विचारतो की यश मोजणार कशाने?

आठवड्याभरात जहाजाभोवती घिरट्या घालणारी तांबोशी काहीच सिद्ध करत नाही. ती पोहत आली, उद्या पोहत जाईल. परंतु पोलादावर बार्नेकल, म्हणजे टणक कवचाचे बारके जीव, चिकटले, त्यांतले काही मेले, त्यांच्या रिकाम्या टोपणांत बोटाच्या पेराएवढी ब्लेनी शेपटीकडून शिरून बसली आणि तिने त्या टोपणाच्या आतल्या बाजूला अंडी लावली, तर ते वेगळे आहे. ती ब्लेनी निवतीच्या खडकांवरून पोहत आलेली नसते. ती पिल्लू म्हणून तिथे उतरली, तिथेच वाढली आणि आता तिथेच तिची वीण होते आहे. जहाजाचे घर झाले की नाही, हे सांगणारा साक्षीदार हा मासा आहे. ओहोटीला मालवणच्या रॉक गार्डनच्या खडकांवर वाकून पाहिले तर साचलेल्या पाण्यात हेच जीव भेगेतून डोके बाहेर काढून आपल्याकडे रोखून पाहताना दिसतात. सावली पडली की क्षणात आत.

दुर्दैवाने आपली व्यवस्था नेमके यांनाच मोजत नाही. दृष्टीआड सृष्टी म्हणतात तसे आहे. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ मध्ये देवमुशी (व्हेल शार्क) आली, दगडी प्रवाळ आले. म्हणजे घराला संरक्षण मिळाले आणि त्याच्यासमोरून जाणाऱ्या सर्वांत मोठ्या पाहुण्याला मिळाले. राज्याने २०२३ मध्ये ५४ जातींच्या माशांसाठी पकडण्याचा किमान आकार ठरवला, हे फार चांगले पाऊल आहे; पण तीन सेंटिमीटरवर वाढ पूर्ण होणाऱ्या माशाला किमान आकाराचा नियम काय वाचवणार? पाण्यात पोहत डोळ्यांनी मासे मोजण्याची रूढ पद्धत या दडून राहणाऱ्या माशांपैकी निम्म्याहून अधिक चुकवते, हे नितळ पाण्यातल्या तुलनांतून दिसले आहे. आपल्या गढूळ पाण्यात तर आणखी चुकत असणार. अशा मोजणीच्या आधारे कोणी ‘मासे वाढले’ म्हणाले काय आणि ‘मासे घटले’ म्हणाले काय, दोन्ही अंदाजच.

याचे शास्त्र अवघड आहे, खर्चिक आहे, असे म्हटले जाईल. काही अंशी ते खरे आहे. जातींची नेमकी ओळख तज्ज्ञांनाच करता येईल. परंतु ठरावीक खडपावर, ठरावीक चौकटीत, भेगा, रिकामी टोपणे आणि अंड्यांचे डाग दर महिन्याला मोजणे हे काम ऑक्टोबर ते मे रोज पाण्यात उतरणारे मालवण-तारकर्लीचे मार्गदर्शक करू शकतात. तारकर्लीला पर्यटन महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे, गोव्याला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, गरवणाऱ्यांना एकेक खडप नावानिशी ठाऊक आहे. या तिघांना एका होडीत बसवायला युद्धनौका बुडवण्याइतका पैसा लागत नाही. अट एकच: निवतीची पहिली मोजणी जहाज तळाला टेकण्याआधी झालेली हवी, पाणी निवळलेल्या नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या दिवसांत, आणि आसपासच्या मूळ खडपांवरही त्याच पद्धतीने. ती नसेल तर पुढे पाच वर्षांनी जहाजाच्या यशाचे कितीही फलक लागले, तरी मासे तिथे वाढले की शेजारच्या खडपावरून उचलून आणले, हे समर्थकांना सांगता येणार नाही आणि विरोधकांनाही नाही.